वऱ्हाडांतील पाल आणि तिचें नांव

मनांत शंका आली कीं मराठी माणूस पाल चुकचुकली असें म्हणतो. पाल अंगावर कोठें पडली असतां काय फळ मिळतें, याचें कोष्टक पंचांगांत छापलेलें असतें. दुधाच्या पातेल्यांत पाल आढळली तर तें दूध ओतून टाकतात. आणि संध्याकाळीं दिव्याभोंवतीं किडे जमले म्हणजे घरांतील मुलें तिची शिकार पाहण्यांत अभ्यास विसरतात. माणसाच्या इतक्या निकट राहणारा दुसरा वन्य प्राणी क्वचितच सांपडेल. असें असूनहि तिच्यासंबंधीं एक अगदीं साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न असा कीं, ही पाल कोणती?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. वाशीमकडील एखाद्या खेड्यांत पावसाळ्याच्या आरंभीं रात्रीं विजेरी घेऊन थोडें हिंडावें. घराच्या भिंतीवर, दिव्याच्या उजेडांत, गुळगुळीत कातडीची आणि पोटाकडे पिवळसर झांक असलेली मोठी पाल दिसेल. दुसरी एक लहान चणीची असते. तिच्या शेपटीवर कांटेरी दाण्यांचीं कडीं असतात आणि ती मोठ्यानें चुकचुकते. अंगणांतील निंबाच्या किंवा चिंचेच्या खोडावर सालीच्या रंगाशीं एकजीव झालेली, राखी अंगावर काळसर नागमोडी रेघा असलेली तिसरी पाल असते. गोठ्याच्या दगडी भिंतींत, पडक्या गढीच्या फटींत, तपकिरी ठिपक्यांची व पाठीवर खरखरीत दाण्यांच्या ओळी असलेली चौथी आढळते. गांवाबाहेरच्या माळावरील दगडाखालीं एखादे वेळीं एक सडपातळ, भिंतीकडे न फिरकणारी, जमिनीवरच वावरणारी पांचवी पाल सांपडते. बोलीभाषेंत या पांचांनाहि पाल हें एकच नांव आहे. शास्त्राच्या दृष्टीनें मात्र त्या पांच निरनिराळ्या जाति असून, त्यांची राहणी, त्यांचा प्रदेश आणि त्यांचा इतिहास हीं सर्व भिन्न आहेत.

या पांचहि जाति हेमिडॅक्टिलस नांवाच्या एकाच प्रजातींत मोडतात. निकट संबंध असलेल्या अनेक जातींच्या समूहास प्रजाति म्हणतात. 'हेमि' म्हणजे अर्धें आणि 'डॅक्टिलस' म्हणजे बोट, असे हे दोन ग्रीक शब्द आहेत. पालीच्या बोटाच्या तळाशीं आडव्या पातळ पट्ट्या असतात. या प्रजातींत त्या पट्ट्या मधोमध दुभागलेल्या असतात, म्हणून हें नांव पडलें. प्रत्येक पट्टीवर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म केंसांची दाट लव असते, आणि त्या केंसांचीं टोकें पुन्हा फाटून अतिसूक्ष्म झालेलीं असतात. पूर्वीं लोकांस वाटे कीं पालीच्या पायांत चिकट रस असतो, किंवा तिचे पाय पोकळी करून भिंत धरतात. हीं टोकें पृष्ठभागाच्या इतकीं जवळ जातात कीं कणाकणांमधील अत्यंत क्षीण आकर्षणच असंख्य पटींनीं एकत्र होऊन पालीचें वजन पेलतें, असें अमेरिकेंतील केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं प्रयोगानें दाखवून दिलें. छतावरून उलटें धांवणाऱ्या पालीजवळ डिंक नाहीं आणि मंत्रहि नाहीं.

पालींचा प्रसार कसा झाला हें समजण्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. या प्रजातींतील माद्या बहुधा एका वेळीं दोन अंडीं घालतात. तीं मऊ कातडीचीं नसून चुन्यासारख्या कठीण कवचाचीं असतात, आणि सालीखालीं, लांकडाच्या भेगेंत किंवा भिंतीच्या फटींत ठेवलेलीं असतात. कोरडी हवा त्यांना सहज सोसते. लांकडाचे ओंडके, धान्याचीं पोतीं, जहाजाचें सामान यांच्याबरोबर अशीं अंडीं कोणाच्या नकळत शेंकडों मैलांचा प्रवास करतात. ज्या जाति माणसाच्या घरांत सुखानें नांदतात त्या या मार्गानें जगभर पसरल्या. ज्या केवळ झाडाच्या सालीवर, डोंगराच्या खडकावर किंवा माळाच्या दगडाखालीं राहतात त्या जेथल्या तेथेंच राहिल्या. म्हणजे दोन प्रकारच्या पाली एकाच गांवांत शेजारीं शेजारीं असूनहि, एकीचा मुलूख अर्धी पृथ्वी असतो, तर दुसरीचा दोन-चार तालुके.

आतां प्रश्न असा कीं, कोणती पाल पहिल्या प्रकारची आणि कोणती दुसऱ्या प्रकारची, हें ठरवावयाचें कसें? तें नांवावरून ठरतें. आणि नांवच चुकलेलें असेल तर प्रदेशाचा नकाशाहि चुकतो. वऱ्हाडांतील ठिपकेदार पालीच्या बाबतींत नेमकें असेंच घडलें. ही हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे.

प्राण्याला शास्त्रीय नांव देण्याची रीत अशी कीं, नवीन वाटणाऱ्या प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध करावयाचें आणि ज्या नमुन्यावरून तें केलें तो नमुना संग्रहालयांत कायमचा जपून ठेवावयाचा. त्या नांवाचा खरा मालक तो नमुना होय. पुढें शंभर वर्षांनीं शंका निघाली तरी बरणींतील तो नमुना काढून पाहतां येतो, आणि त्याच्याशीं जो जुळेल त्यालाच तें नांव लावतां येतें. जमिनीच्या वादांत जसा मूळ दस्तऐवज, तसा या शास्त्रांत मूळ नमुना.

१८४५ सालीं जॉन एडवर्ड ग्रे या प्राणिशास्त्रज्ञानें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील सरड्यांची व पालींची सूचि प्रसिद्ध केली. तींत बोर्निओ बेटाकडील एका पालीला त्यानें सारावाकचा इंग्रज राजा जेम्स ब्रूक याच्या सन्मानार्थ 'ब्रूकी' असें नांव दिलें. बोर्निओ कोठें आणि वऱ्हाड कोठें! परंतु पाठीवर दाण्यांच्या ओळी व अंगावर तपकिरी ठिपके असलेल्या पाली हिंदुस्थानांतहि पुष्कळ होत्या, आणि त्यांतूनच पुढील घोंटाळा उत्पन्न झाला.

१८८४ सालीं मरे नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें सिंध प्रांतांतील अशाच एका ठिपकेदार पालीचें वर्णन केलें आणि वनखात्यांत काम करणाऱ्या ग्लीडो या गृहस्थाच्या सन्मानार्थ तिला 'ग्लीडोवी' हें नांव दिलें. तीन वर्षांनीं, १८८७ सालीं, ग्लीडोनें या सौजन्याची परतफेड केली. डांगच्या अरण्यांतील एका पालीचें वर्णन त्यानें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें आणि तिला 'मरेयी' असें नांव दिलें. १८८३ सालीं स्थापन झालेली ही संस्था तेव्हां अवघी चार वर्षांची होती. नाशिक जिल्ह्याला लागून असलेलें डांगचें दाट व उष्ण अरण्य हें या पालीचें मूळ ठिकाण. एका परीनें ही आपल्या प्रदेशाच्या सखल अरण्यांतील पालीची नोंदच म्हणावयाची.

पुढें १९३५ सालीं माल्कम स्मिथ यांनीं हिंदुस्थानांतील सरड्यांवर व पालींवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्मिथ हे पेशानें वैद्य. त्यांनीं अनेक वर्षें सयामच्या राजदरबारीं वैद्यकी केली होती, आणि प्राण्यांचा व्यासंगहि तेथेंच वाढविला होता. त्यांचा ग्रंथ इतका साक्षेपी आहे कीं आजहि अभ्यासकांस तो उघडावा लागतो. परंतु मरेची पाल, ग्लीडोची पाल आणि बोर्निओची पाल यांतील भेद त्यांस नगण्य वाटले, आणि त्यांनीं या सर्वांस 'ब्रूकी' या एकाच नांवाखालीं घातलें. बाह्य लक्षणांवरून पाहतां हा निर्णय अगदींच निराधार नव्हता. दाण्यांच्या ओळी, ठिपके, बोटाखालच्या पट्ट्यांची संख्या हीं सर्व एकमेकांशीं मिळतीं जुळतीं असतात, आणि एकाच गांवांतील दोन पालींतहि थोडा फरक असतोच. मोठ्या ग्रंथाचा शब्द पुढच्या लहान ग्रंथांनीं उचलला. मग सिंधपासून बोर्निओपर्यंत पसरलेली एकच सर्वत्र विपुल असलेली पाल, अशी तिची ख्याति झाली. वऱ्हाडांत कोणाला ठिपकेदार पाल दिसली तर यादींत तो निःशंकपणें 'ब्रूकी' लिही.

हा समज पाऊणशें वर्षें टिकला. तो ढळला दोन बाजूंनीं. पहिली बाजू जुन्या नमुन्यांची. २०१० सालीं रोस्लर व ग्लॉ या अभ्यासकांनीं श्रीलंकेतील ठिपकेदार पाल स्वतंत्र असल्याचें दाखविलें. डेरानियागला यांनीं १९५३ सालीं तिला दिलेलें 'पार्विमॅक्युलाटस', म्हणजे लहान ठिपक्यांची, हें नांव पुन्हा मान्य झालें. २०११ सालीं स्टीफन महोनी यांनीं ग्रेचे मूळ नमुने पुन्हा तपासले आणि ब्रूकी हें नांव खरोखर कोणत्या प्राण्याचें हें निश्चित करण्याचा पाया घातला. दुसरी बाजू डीएनएची. शरीरांतील प्रत्येक पेशींत आनुवंशिक लेख असतो. दोन कुळें जितकीं अधिक काळ वेगळीं राहिलीं असतील तितका त्यांच्या लेखांत अधिक फरक पडतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील रोहिणी बन्सल व प्रवीण करंथ यांनीं २०१० सालीं हा लेख वाचून असें दाखविलें कीं, भारतांतील हेमिडॅक्टिलस पालींचा एक मोठा वंशवृक्ष याच भूमींत वाढलेला आहे, आणि आशियांतील घरोघर आढळणाऱ्या पालींचें मूळ कुलहि भारतांतीलच आहे. पुढें २०१६ सालीं अपर्णा लाजमी, वरद गिरी आणि करंथ यांनीं केवळ ब्रूकीच्या घोंटाळ्यालाच हात घातला. निरनिराळ्या प्रांतांतील पालींचा डीएनए आणि त्यांचीं शरीरलक्षणें हीं दोन्ही शेजारीं ठेवून पाहतां, एका नांवाखालीं अनेक जाति दडलेल्या होत्या हें स्पष्ट झालें. मरे आणि ग्लीडो यांचीं बुडालेलीं नांवें पुन्हा वर आलीं. दोघा मित्रांनीं एकमेकांस वाहिलेल्या त्या पाली अखेर वेगवेगळ्याच ठरल्या.

वाशीमकरांस या घडामोडीचें मर्म इतरांपेक्षां लवकर उमगेल. वाकाटकांच्या काळीं वत्सगुल्म या नांवानें राजधानी म्हणून गाजलेलें हें गांव इंग्रजी अमलांत एका जिल्ह्याचें ठिकाण होतें. १९०५ सालीं तो जिल्हा मोडला आणि त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वांटले गेले. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वांत आला. मधल्या ९३ वर्षांत पैनगंगा आटली नव्हती आणि काटेपूर्णा दुसरीकडे वळली नव्हती. भूमि, माणसें, पिकें सर्व जागच्या जागींच होतीं. नव्हतें तें फक्त दप्तरांतील नांव. परंतु दप्तरांत नांव नसलें म्हणजे काय होतें, हें कचेरीच्या कामासाठीं अकोल्याचे हेलपाटे घातलेल्या मंडळींस सांगावयास नको. निराळा आकडा नाहीं, निराळी तरतूद नाहीं, निराळी दाद नाहीं. १९३५ पासून मरेच्या पालीचें तेंच झालें. ती डांगच्या झाडांवर पूर्वींप्रमाणेंच किडे टिपीत होती. पण तिची म्हणून कोणीच विचारपूस करीत नव्हतें, कारण ती निराळी आहे हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

आतां जमिनीवरच्या त्या पांचव्या पालीकडे वळूं. तिच्या नांवाची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे; कारण तिचें नांव बाहेरून आलेलें नसून वऱ्हाडाच्या मातींतूनच निघालें आहे. विल्यम ब्लॅन्फर्ड हे भारतीय भूगर्भ खात्याचे अधिकारी. खडक पाहत पायीं हिंडणें हें त्यांचें काम. परंतु खडकाबरोबर त्याखालील जीवहि ते टिपून ठेवीत. १८७० सालीं त्यांनीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत मध्य हिंदुस्थानांतील सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांवर एक विस्तृत लेख लिहिला. त्यांत आग्नेय वऱ्हाड आणि रायपूर येथील एका लहान, सडपातळ पालीचें वर्णन करून त्यांनीं तिला 'ग्रॅसिलिस', म्हणजे सडपातळ, असें नांव दिलें. आग्नेय वऱ्हाड म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा वणीकडील मुलूख, वाशीमच्या शेजारचाच. ही पाल पुढें महाराष्ट्राच्या इतर भागांत, तसेंच गुजराथ, मध्यप्रदेश व छत्तीसगड येथेंहि आढळली. परंतु तिच्या जन्मपत्रिकेवर गांव वऱ्हाडचेंच राहणार. शास्त्रीय जगांत कोणीहि या जातीचा विचार करूं लागला कीं त्याला प्रथम वऱ्हाडचा तो माळ आठवावा लागतो.

या सडपातळ पालीचे नातलगहि मोठे विलक्षण आहेत. सिंधमध्यें एक पाल आहे. तिच्या अंगावर माशासारखे एकावर एक चढलेले खवले असतात आणि शेपूट गाजरासारखें फुगीर असतें. या रूपामुळें तिला बराच काळ एका निराळ्या प्रजातींत बसविलें होतें. १९६३ सालीं ग्रँडिसन व सोमण यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील डोर्ले येथून तिच्यासारख्या एका पालीचें वर्णन केलें. तिच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे आहेत. २००८ सालीं डीएनए तपासतां या दोन्ही पाली खुद्द हेमिडॅक्टिलसच आणि आपल्या सडपातळ पालीच्या निकटच्या आप्त आहेत असें ठरलें. सिंधच्या पालीचें जुनें नांव 'फॅसिआटा', म्हणजे पट्टेवाली. तें नव्या प्रजातींत चालेना. कारण त्याच अर्थाचें 'फॅसिआटस' हें नांव आफ्रिकेंतील एका हेमिडॅक्टिलसनें आधींच घेतलेलें होतें. एका प्रजातींत दोघांचें एक नांव असूं नये असा कडक नियम आहे. म्हणून तिला 'इंब्रिकाटस', म्हणजे कौलारू, असें नवें नांव द्यावें लागलें. त्याच वर्षीं गिरी व बाउअर यांनीं सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावरून जमिनीवर राहणाऱ्या आणखी एका पालीचें वर्णन करून तिला 'सातारेन्सिस' म्हटलें. गिरी यांनीं जुन्नरकडील कड्यांवरची एक खडकवासी पालहि त्याच सालीं जगापुढें आणली. २०१७ सालीं सातपुड्यांतील खडकावर राहणाऱ्या एका पालीला मिर्झा व राजू यांनीं 'चिपकली' असें साधें हिंदी नांव दिलें. शास्त्राच्या लॅटिन पोथींत एक घरगुती शब्द शिरला.

या सर्व नांवांच्या मुळाशीं एक समान सूत्र आहे. यांपैकीं पुष्कळशा पाली घनदाट जंगलांत सांपडलेल्या नाहींत. कातळाचा सडा, वाऱ्याचें पठार, विरळ झाडोऱ्याचा माळ, सखल मैदानांतील पानगळीचें रान, हीं त्यांचीं घरें. वाशीम जिल्हा अशाच भूमीचा आहे. अजिंठ्याच्या डोंगरांचे फांटे, काळ्या खडकाचे चढउतार, साग, सालई, धावडा व पळस यांचीं विखुरलेलीं रानें, आणि मधून मधून बोर, हिवर व कुसळी गवताचे माळ. उन्हाळ्यांत हें सर्व करपून जातें आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं येथें काय असणार! महसुली भाषेंत अशा जमिनीला पडीत म्हणतात. देशांतील पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघाले त्यांतहि झुडपी माळांचा समावेश पडीक म्हणूनच झालेला आहे. जी जमीन पीक देत नाहीं आणि लांकूडहि देत नाहीं ती रिकामी, असा हा हिशेब.

येथें नांवाचा प्रश्न केवळ विद्वानांचा राहत नाहीं. पडीत ठरलेल्या माळावर खाणपट्टा दिला, ओळीनें खड्डे खणून एकाच जातीचीं झाडें लावलीं, किंवा सर्व दगड वेंचून भराव टाकला, तर काय गेलें याचा हिशेब करतांना अधिकारी प्राण्यांची यादी मागतो. त्या यादींत 'ब्रूकी, सर्वत्र विपुल' एवढेंच लिहिलेलें असेल तर हरकत घेण्यास कोणालाच जागा उरत नाहीं. कारण बोर्निओपर्यंत पसरलेल्या पालीचा एक माळ गेला म्हणून तिचें काय बिघडतें? परंतु त्याच माळावरील पाल दोन-तीन जिल्ह्यांपलीकडे कोठेंच आढळत नाहीं असें निष्पन्न झालें, तर तीच नोंद अडसर होऊन उभी राहते. म्हणजे एका शब्दाच्या बदलानें भूमीची किंमत बदलते. चुकीचें नांव हें अज्ञानापेक्षांहि अधिक घातक असतें. कारण अज्ञानी माणूस निदान विचारतो, आणि चुकीचें नांव मिळालेला माणूस विचारणेंच बंद करतो.

याच्या उलट एक सुदैवी उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. कारंजा तालुक्यांत सोहोळजवळ सुमारें १८ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य काळविटांसाठीं राखलेलें आहे. काळवीट डोळ्यांत भरणारा प्राणी. त्याचें नांव सर्वांस ठाऊक. त्याच्या नांवानें जें गवताळ रान राखलें गेलें त्याच्या सांवलींत नांव नसलेले कितीतरी लहान जीव आपोआप सुरक्षित झाले. २०२२ च्या डिसेंबरांत ज्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा वाहतुकीस खुला झाला, तो समृद्धि महामार्ग याच कारंजा तालुक्यांतून, मंगरूळपीर व मालेगांवकडून पुढें जातो. रस्ते हवेत, याविषयीं दुमत नाहीं. हरणासारख्या मोठ्या जनावरांसाठीं रस्त्याखालून वाट ठेवण्याची कल्पना आतां अभियंत्यांच्याहि परिचयाची झाली आहे. बोटभर लांबीच्या, दगडाखालच्या पालीसाठीं मात्र अशी वाट कोणी आंखीत नाहीं. तिच्यासाठीं दगड जागेवर राहूं देणें एवढाच उपाय आहे. आणि तो करावयाचा तर ती तेथें आहे हें आधीं माहीत पाहिजे.

नांवाच्या अज्ञानाबरोबर भयाचाहि वाटा मोठा आहे. भारतांतील कोणत्याहि पालीला विषाची ग्रंथि नाहीं. पाल पडलेलें अन्न टाकून द्यावें हें योग्यच. कारण तिच्या विष्ठेंतून रोगजंतु अन्नांत जाऊं शकतात. पण त्याला कारण अस्वच्छता आहे, विष नव्हे. अन्न झांकून ठेवलें कीं तें भयहि संपतें. या गैरसमजाची सर्वांत मोठी झळ एका दूरच्या नातलगाला लागते. भिंतीवरच्या पालीला पापण्या मिटतां येत नाहींत. ती जिभेनें डोळा पुसते. परंतु रानांत जमिनीवर चालणारी, ठिपक्यांची, जाड शेपटीची आणि पापण्या मिटणारी अशीहि एक पाल असते. तिच्या कुळांतील एक स्वतंत्र जाति सातपुड्यांत असल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें आणि तिला 'सातपुराएन्सिस' असें नांव मिळालें. ही गरीब पाल रात्रीं दिसली कीं अत्यंत विषारी म्हणून तिला ठेंचतात. शास्त्रानें तिला नांव दिलें तोंपर्यंत अशा किती मारल्या गेल्या याची मोजदाद नाहीं.

घरबसल्या माणसानें यांत काय करावें? पुष्कळ करतां येतें, आणि त्यासाठीं पदवी लागत नाहीं. पहिली गोष्ट, पाल दिसली तर ती कोठें दिसली तें पाहावें: भिंतीवर, खोडावर, खडकावर कीं जमिनीवर. जातीच्या ओळखीची अर्धी किल्ली त्या एका उत्तरांत असते. दुसरी गोष्ट, पाठ गुळगुळीत आहे कीं दाणेदार, शेपटीवर कडीं आहेत कीं नाहींत, हें नीट न्याहाळावें. आज बहुतेकांच्या हातीं छायाचित्राचें साधन आहे. पाठीचें व शक्य तर बोटांचें चित्र घेऊन त्यावर गांव, तारीख व वेळ टिपून ठेवावी. अशा टिपणांची वही एखाद्या शाळेनें दहा वर्षें चालविली, तर तिच्यांत त्या तालुक्याचा असा नकाशा तयार होईल कीं जो कोणत्याहि मोठ्या ग्रंथांत सांपडणार नाहीं. तिसरी गोष्ट, प्राणी पकडून बाटलींत घालूं नये. नमुने घेण्याचें काम परवानगी असलेल्या अभ्यासकांचें आहे. माळावर उलथलेला दगड पाहून झाल्यावर होता तसा ठेवावा. कारण तो दगड म्हणजे कोणाचें तरी छप्पर असतें.

ब्लॅन्फर्ड खडक पाहावयास आले आणि दगडाखालची पाल पाहून गेले. ग्लीडो झाडांची राखण करतां करतां सालीवरच्या पालीपाशीं थांबले. दोघांचाहि मुख्य व्यवसाय निराळाच होता. दिसलेली वस्तु नीट पाहावी, तिचें ठिकाण लिहून ठेवावें आणि 'ही तीच' असें घाईनें म्हणूं नये, एवढीच शिस्त त्यांच्याजवळ होती. त्या टिपणांच्या बळावर पाऊणशें वर्षें बुडालेलें नांव पुन्हा वर काढतां आलें. वऱ्हाडच्या माळावर, वाशीमच्या पडक्या भिंतींत आणि पैनगंगेच्या कांठच्या झाडांवर आज रात्रीं ज्या पाली बाहेर पडतील त्यांचीहि अशीच विचारपूस झाली पाहिजे, आणि ती माळ शाबूत आहे तोंवर झाली पाहिजे.